खलाशांच्या त्वचेने दिलेली साक्ष

१/ १८९४. जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदर. त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी खलाशांच्या उघड्या त्वचेवर एक विकार नोंदवला: त्वचा काळवंडते, खरखरीत होते आणि पुढे तिच्यातच कर्करोग उद्भवतो. त्यांनी त्याला नाव दिले ‘खलाशाची त्वचा’.

२/ फ्रान्समधील बोर्दो येथे विल्यम द्युब्रई यांना द्राक्षमळ्यांतील मजुरांतही असेच आढळले. समुद्र आणि मळा यांना जोडणारा धागा होता ऊन.

३/ परंतु काळ सूर्याच्या बाजूचा होता. १९०३ मध्ये नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९२० च्या दशकात युरोपात रापलेली कांती प्रतिष्ठेची ठरली. कष्टकऱ्याची खूण श्रीमंतांच्या सुट्टीची खूण झाली.

४/ १९२८ मध्ये लंडनच्या जॉर्ज मार्शल फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरण सोडले. त्यांच्या त्वचेवर कर्करोगाच्या गाठी आल्या.

५/ १९५६ मध्ये हेन्री लँकेस्टर यांनी दाखवले, की ऑस्ट्रेलियातील गोऱ्या लोकसंख्येत मेलानोमाचे मृत्यू विषुववृत्ताकडे वाढत जातात. मेलानोमा म्हणजे त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग.

६/ १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात प्रसिद्ध मोहीम सुरू झाली: सदरा चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला. उन्नांच्या नोंदीला तेव्हा ८७ वर्षे झाली होती.

७/ पुरावा कष्टकऱ्यांच्या अंगावर कधीच उमटला होता. ऊन हा साऱ्या समाजाचा छंद झाल्यावरच त्याची मोहीम झाली.