नाशिकचा विद्यार्थी आणि कॉलेजचा उंबरठा

मॅट्रिकनंतर पुढे काय, हा प्रश्न १९२४ पूर्वी नाशिकच्या घरांतून केवळ विद्येचा नसे. तो पैशाचा आणि वियोगाचाही असे. गावात कॉलेज नसल्याने पदवीसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे.

भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांचेच उदाहरण घ्यावे. १८९९ च्या प्लेगात त्यांचे पितृछत्र हरपले. १९०२ साली ते पुण्याच्या फर्गसन कॉलेजात दाखल होऊ शकले, ते सासरे भाऊराव चिपळूणकर यांनी खर्चाचा भार उचलला म्हणून. तेथे वसतिगृह हेच त्यांचे घर झाले. पण १९०५ साली विदेशी कापडाच्या होळीबद्दल त्यांना १० रुपये दंड झाला आणि ते घरही सुटले. परगावी शिकणाऱ्याचा निवारा किती पराधीन असतो, हे यावरून ध्यानी यावे.

पुढे गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली नाशिकातच कॉलेज काढले; तेच हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज होय. कुसुमाग्रज या नावाने विख्यात झालेले वि. वा. शिरवाडकर येथूनच पदवीधर झाले. परगावची खानावळ आणि वसतिगृह आता चुकले. परंतु तारुण्यातील कठीण प्रश्न चुकले नाहीत. अस्पृश्यांना काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० पासून नाशिकात सत्याग्रह चालू होता. १९३२ साली, विशीतील शिरवाडकर त्यात सहभागी झाले. पुस्तकातील समता खरी मानावयाची की नाही, याचे उत्तर त्यांना स्वतःच्याच गावात, देवळाच्या बंद दारापाशी द्यावे लागले.