टाके वाळले की!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण घरचंच होतं. बाबांची बायपास झाली. परवा ऑपरेशनला तीन आठवडे झाले आणि त्याच सकाळी लातूरच्या घरी ते चक्क सोयाबीनचं पोतं उचलायला वाकले! मी ओरडलो. तर म्हणतात, "टाके वाळले की. आता काय होतंय?"

ते ऐकलं आणि मला एकदम नांदेड आठवलं.

१७०८ साली गुरू गोविंदसिंगजी नांदेडला गोदावरीकाठी मुक्कामाला होते. तिथे एका पठाणाने त्यांच्यावर वार केला. जखम शिवली, भरतही आली. पण काही दिवसांनी त्यांनी एक जबरदस्त कणखर धनुष्य ओढलं आणि जखम पुन्हा उघडून रक्त वाहू लागलं, असं शीख परंपरा सांगते. ७ ऑक्टोबर १७०८ ला ते ज्योतीज्योत समावले. आजचं सचखंड हुजूर साहिब त्याच जागी आहे. लातूरहून कितीदा दर्शनाला गेलो, पण त्या जखमेचा विचार कधी केला नव्हता.

रक्त शरीरात फिरतं हे हार्वेने १६२८ सालीच सिद्ध केलं होतं. धमनीतलं रक्त ज्या बारीक केशवाहिन्यांतून शिरेत जातं, त्या माल्पिघीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. पण माहीत असणं वेगळं आणि दुरुस्त करता येणं वेगळं. धमनी म्हणजे नुसती नळी नाही. आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायू आणि लवचीक धागे, बाहेर चिवट आवरण. प्रत्येक ठोक्याचा दाब ती झेलते. आपण श्वास रोखून जोर लावला की हा दाब आणखी चढतो. तुटलेली रक्तवाहिनी बांधून टाकणं जुनंच, पण शिवून पुन्हा वाहती करायची भरवशाची रीत अलेक्सी कारेलने १९०२ साली दाखवली. १९१२ ला त्याला नोबेल मिळालं.

बाबांची बायपास त्याच विद्येवर उभी आहे. त्यांच्या पायातली शीर काढून हृदयावर बसवली. शिरेत रक्त मागे येऊ नये म्हणून झडपा असतात, त्या आडव्या येऊ नयेत म्हणून ती उलटी करून जोडतात. बिचारी पातळ भिंतीची शीर, आता धमनीचं काम करतेय!

आणि शिवलेल्या कातडीचं म्हणाल, तर तीन आठवड्यांनी तिच्यात मूळच्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा आलेला असतो. छातीचं कापलेलं हाड जुळायला तर दोन-तीन महिने लागतात. वरून टाके वाळलेले दिसतात, आतलं काम चालूच असतं.

संध्याकाळी हे सगळं बाबांना सांगितलं. नांदेडची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबावं लागंल म्हण की."

पोतं अजून ओसरीवरच आहे. असो.