वर्षाच्या आत

दिवाळीची सुटी संपून कोर्ट ज्या दिवशी उघडते, त्या दिवशी सकाळी दावे दाखल करून घेणाऱ्या कारकुनापुढे जी झुंबड उडते, ती ज्याने पाहिली नाही त्याला मुदतीचा कायदा म्हणजे काय हे पुरते कळले असे मी म्हणणार नाही. सुटीत ज्यांची मुदत संपली, ते सारे त्या एका दिवसाच्या आधाराने तरलेले असतात. कोर्ट बंद असताना मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा लावता येतो, असे कायद्याचे चौथे कलम सांगते. दुसऱ्या दिवशी गेलात तर दार बंद. आमच्या घरात फराळाच्या डब्यांइतकीच या दिवसाची तयारी चाले, कारण माझे वडील तालुक्याच्या गावी एका वकिलांचे कारकून होते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू.

तात्यांजवळ लाल कापडी बांधणीची एक वही होती. तिच्यात प्रत्येक पक्षकाराचे नाव, तंट्याचे कारण, तो घडल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात मुदत संपण्याची तारीख लिहिलेली असे. वकीलसाहेब कायदा जाणत. पण कोणता कायदा कोणत्या दिवशी मरणार आहे हे तात्या जाणत. त्या वहीतल्या एका नोंदीमुळेच मी पुढे या विषयाच्या मागे लागलो. ती नोंद सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना कालमर्यादा ठाऊक नव्हती असे नाही. आपली जमीन दुसरा उपभोगतो आहे हे डोळ्यांनी पाहून जो वीस वर्षे गप्प बसला, त्याची हानी होते. इतर धनाच्या बाबतीत हीच मर्यादा दहा वर्षांची, असे याज्ञवल्क्याने सांगितले आहे. त्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरेत जी खटपट केली ती वाचण्यासारखी आहे. केवळ काळ गेला म्हणून मालकी जाते हे त्याच्या बुद्धीला पटेना. तेव्हा हानी होते ती उत्पन्नाची, जमिनीच्या हक्काची नव्हे, असा अर्थ त्याने लावला. पण हा सगळा विचार जमीनजुमला आणि चीजवस्तू यांचा. माणसाचा हात मोडला, डोके फुटले, तर काय? तिथे याज्ञवल्क्य दंडाबरोबरच बरे होईपर्यंतचा खर्चही मोडणाऱ्याकडून द्यावयास लावतो. आणि घाईचा प्रश्न येतो तेव्हा तो चमत्कारिकपणे उलटा येतो. साहस, चोरी, पारुष्य म्हणजे शिवीगाळ व मारहाण, अशा तंट्यांत उत्तरासाठी मुदत द्यायची नाही. प्रतिवादीने तत्काळ उत्तर दिले पाहिजे, असा त्याचा नियम आहे. म्हणजे घाई होती ती मारणाऱ्याला. मार खाणाऱ्याच्या मागे घड्याळ लावण्याची कल्पना आपल्याकडे आली ती मागाहून, आणि बोटीने आली.

इंग्लंडातही ती एकदम जन्मली नव्हती. तेथे पूर्वी मर्यादा वर्षांत मोजतच नसत. एखाद्या राजाच्या राज्यारोहणापासून मोजत. १२७५ सालच्या कायद्याने जमिनीच्या काही दाव्यांसाठी ११८९ हे पहिल्या रिचर्डच्या राज्याभिषेकाचे साल ठरवून दिले, आणि पुढे राजे आले नि गेले तरी ते साल जागचे हलले नाही. मर्यादा दरसाल लांबत गेली! शरीराच्या इजेला वर्षांचे माप लागले ते १६२३ मध्ये, पहिल्या जेम्सच्या कारकिर्दीत. मारहाण, जखम व बेकायदा कैद यांस चार वर्षे. निष्काळजीपणातून आलेल्या इजेचे दावे ज्या वर्गात पडत, त्यास सहा. तोंडी बदनामीस दोन. शब्दाने झालेली जखम लवकर भरते, असा त्या पार्लमेंटचा अनुभव असावा. आपला तसा नाही.

आपल्या मुलखात पेशवाईपर्यंत वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. आजोबाने हरलेला वाद नातू गोतसभेपुढे पुन्हा उभा करी. एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी १८२७ ची संहिता मुंबई इलाख्यात लागू झाली, तिच्यातल्या पाचव्या रेग्युलेशनात मुदतीचे नियम आले. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला मिळून एक कायदा झाला तो १८५९ चा चौदावा. त्याने शरीराला झालेल्या इजेच्या नुकसानभरपाईसाठी एक वर्ष ठरवले. पुढे १८७१, १८७७ आणि १९०८ साली कायदा नव्याने लिहिला गेला. ते एक वर्ष मात्र कायम राहिले. १९०८ च्या कायद्यातील बाविसाव्या अनुच्छेदात ते अगदी कोरडेपणाने लिहिले होते: शरीरास झालेली अन्य इजा, एक वर्ष, इजा झाल्यापासून.

मुदत आखूड करणे म्हणजे गरिबाला छळणे, असा सरसकट निकाल मी देणार नाही. साक्षीदार मरतात, कागद वाळवी खाते, आणि तीस वर्षांपूर्वीच्या रात्री कोणी कोणाला ढकलले हे शपथेवर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे कठीण असते. कर्जाच्या बाबतीत १८५९ च्या कायद्याने तीन वर्षांची जी आखूड मुदत घातली, तीही कुळाचा सावकाराच्या जुन्या खतांपासून बचाव होईल अशा समजुतीने. झाले भलतेच. सावकार दर तीन वर्षांनी कुळाला बोलावू लागला. व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात खतांच्या होळ्या झाल्या, त्यामागे जी अनेक कारणे होती, त्यांत चौकशी आयोगाने हे एक दाखवले. म्हणून १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने ती मुदत वाढवली: साध्या खताला सहा आणि नोंदलेल्याला बारा वर्षे. कायदेमंडळात बसून काळ कापणाऱ्याला तो कोणाच्या अंगावर पडणार हे नेहमीच दिसते असे नाही.

आता तात्यांच्या वहीतली नोंद.

१९६० च्या ऑक्टोबरात, वसुबारसेच्या दिवशी, आमच्या गावच्या बाजारपेठेत एका जुन्या वाड्याची भिंत पडली. परतीच्या पावसाने ती फुगली होती, हे मालकाला लोकांनी दोनदा सांगितले होते. भिंतीच्या कडेला रांगोळी विकत बसलेल्या एका बाईच्या उजव्या हातावर ती आली. जीव वाचला, हात कोपरापासून गेला. मालकाने दवाखान्याचा खर्च देतो म्हटले, थोडा दिलाही. मग आज-उद्या सुरू झाले. पावसाळ्याच्या तोंडाला बाई आमच्याकडे आली. वकीलसाहेब बाहेरगावी होते. तात्यांनी हकीकत ऐकून घेतली आणि सांगितले, "बाई, तडजोड होत असेल तर बघा. नाही झाली तर वर्षाच्या आत या. वर्ष ओलांडू नका."

बाईने वर्ष ओलांडले नाही. नोव्हेंबर १९६१ च्या पहिल्या आठवड्यात, वसुबारसेला दोन दिवस असताना, ती ओसरीवर येऊन उभी राहिली. "दादा, परवा वर्ष भरतंय. तुम्ही सांगितलं होतं तशी आधीच आले."

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. तात्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांनी वही उघडली, मग भिंतीवरचे पंचांग काढले, आणि पुन्हा वहीकडे पाहिले. त्या साली अधिक ज्येष्ठ आला होता. आदल्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या विशीत झाली होती. या वर्षीची नोव्हेंबरात गेली होती. बाईचे वर्ष तेरा महिन्यांचे होते. कायद्याच्या पुस्तकातले वर्ष मात्र इंग्रजी पंचांगाने मोजायचे, असे १८९७ च्या एका कायद्यात सांगून ठेवले आहे. ते वर्ष सोळा-सतरा दिवसांपूर्वीच संपले होते, आणि त्या दिवशी कोर्ट उघडे होते. भिंत दोन-तीन आठवडे उशिरा पडती तर मुदत सुटीत संपून दावा तरला असता.

उशिराला सबळ कारण दाखवले तर तो माफ करण्याची सोय कायद्यात होती आणि आहे. पण ती अपिलांना आणि काही अर्जांना. मूळ दाव्याला नाही. वादी अज्ञान असेल, वेडा असेल, तर काळ थांबतो; पंचांग मानणारा असेल तर थांबत नाही. वकीलसाहेबांनी दुसऱ्या दिवशी बाईला हे शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. ती भांडली नाही. "मग माझंच चुकलं म्हणायचं," एवढे म्हणून गेली. तात्या त्या दिवाळीत फराळाला बसले नाहीत. वर्ष म्हणजे कोणते वर्ष, हे सांगायचे राहिले ते आपल्याकडून, असे त्यांच्या मनाने घेतले होते आणि त्यात तथ्य नव्हते असे मला कधी म्हणता आले नाही.

याच सुमारास इंग्लंडात दुसरे एक प्रकरण वर चढत होते. एका पोलाद कारखान्यात ओतीव कामाची सफाई करणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे धूळ साचत गेली होती. रोग कळला तेव्हा सहा वर्षांची मुदत केव्हाच उलटली होती, कारण इजा होऊ लागली ती पहिल्या धुळीपासून. जमीन खालून खणली आणि ती पुढे कित्येक वर्षांनी खचली, तर काळ खचल्या दिवसापासून धरायचा, हे तेथील न्यायालयांनी १८६१ मध्येच मान्य केले होते. पण खचलेली जमीन दिसते. खचणारे फुप्फुस दिसत नाही. जानेवारी १९६३ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने कार्टलेज खटल्यात कामगारांविरुद्ध निकाल दिला, आणि देताना कायदा असमर्थनीय आहे हेही बोलून दाखवले. पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा बदलला. नंतरच्या, १९८० च्या कायद्याप्रमाणे तेथे तीन वर्षे मोजतात ती इजा झाल्यापासून किंवा ती कळल्यापासून, आणि त्याहीपलीकडे न्याय्य वाटल्यास मुदत बाजूला ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे.

योगायोग असा की आपलाही नवा मुदतीचा कायदा १९६३ चाच. विधि आयोगाने १९५६ मध्ये आपल्या तिसऱ्या अहवालात जुन्या कायद्याची तपासणी केली होती. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या काण्यांना भारतरत्न मिळाले तेही याच साली; कायदा करणाऱ्यांनी त्यांचा व्यवहारावरचा खंड चाळला असेल की नाही, देव जाणे. नव्या कायद्यात तो बाविसावा अनुच्छेद राहिला नाही. शरीराच्या इजेचा दावा उरलेल्या सर्व दाव्यांच्या शेवटच्या खणात गेला, आणि त्याला तीन वर्षे मिळाली. निष्काळजीपणाने मृत्यू आला तर वारसांना मृत्यूपासून दोन वर्षे. शंभर वर्षांवर चाललेले एक वर्ष असे गेले. इजा कळल्यापासून काळ धरण्याची इंग्रजी सवलत मात्र आपल्या साध्या दाव्याला मिळाली नाही. कामगारांच्या भरपाईचा १९२३ चा कायदा त्या मानाने शहाणा होता. धूळ किंवा कापूस छातीत बसून आलेल्या रोगात, कामगार आजाराने सलग गैरहजर राहू लागला त्या पहिल्या दिवशी अपघात झाला असे तो धरीत असे.

मोटारीच्या अपघातांची गोष्ट तर हिंदोळ्यासारखी आहे. १९५६ च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणे आली तेव्हा अर्जाला साठ दिवस होते. पुढे सहा महिने झाले. १९८८ च्या कायद्यानेही सहा महिने ठेवले, आणि फार तर वर्षापर्यंत माफी. १९९४ मध्ये ती मर्यादा साफ काढून टाकली. इस्पितळात पडलेल्या माणसाने तारखा मोजाव्यात ही अपेक्षाच चुकीची, हे तेव्हा पटले असावे. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिने पुन्हा आणले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. माझे मत विचाराल तर १९९४ ची बाजू मला बरोबर वाटते. पण हे कारकुनाच्या मुलाचे मत आहे, आणि ते कशाने घडले हे वर सांगितलेच आहे.

नवा कायदा १ जानेवारी १९६४ पासून अमलात आला. त्याची बातमी वाचून तात्यांनी वही काढल्याचे मला आठवते. १९६० च्या ऑक्टोबरात तीन मिळवले तर १९६३ चा ऑक्टोबर येतो. म्हणजे नव्या मापानेही दोन-अडीच महिने उशीर. तरी ते वकीलसाहेबांकडे गेले. साहेबांनी एकतिसावे कलम वाचून दाखवले: जुन्या कायद्याखाली ज्याची मुदत संपली, त्याला नवा कायदा उठवीत नाही. एक दार होते तिथे दोन झाली, आणि दोन्ही बंद.

तात्या १९७९ पर्यंत काम करीत होते. त्या प्रसंगानंतर आलेल्या प्रत्येक पक्षकाराला ते चिठ्ठीवर इंग्रजी तारीख लिहून देत, खाली तिथी लिहीत, आणि तो चिठ्ठी नीट खिशात ठेवतो की नाही हे पाहून मगच त्याला जाऊ देत. वही आता माझ्याकडे आहे. संपलेल्या प्रत्येक कामावर त्यांनी तिरपी रेघ ओढलेली आहे. बाईच्या नोंदीवर ती नाही.