चेक इंजिन दिव्याची कुळकथा

१९४३च्या जुलैत लॉस एंजेलिसवर असं धुरकं दाटलं, की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. कारण उमगायला काही वर्षं गेली. कॅल्टेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०नंतर दाखवून दिलं, की मोटारींच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यापासून उन्हात ओझोन तयार होतो. आज डॅशबोर्डवर लागणाऱ्या पिवळ्या दिव्याचं मूळ या शोधात आहे.

१९६७च्या कायद्याने कॅलिफोर्नियात हवेची गुणवत्ता राखणारं मंडळ आलं. हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष. धुराचे नियम कडक होत गेले. १९७५च्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसू लागला. तो नीट चालायचा तर हवा आणि इंधनाचं प्रमाण नेमकं हवं, म्हणून पुढे गाडीत संगणक आला. पण नवी असताना नियमात बसलेल्या गाडीचा सेन्सर पुढे बिघडला, तर मालकाला कळणार कसं? म्हणून मंडळाने १९८८च्या मॉडेलांपासून दंडक घातला: गाडीनेच स्वतःवर नजर ठेवायची आणि बिघाड दिसताच दिवा लावायचा.

बिघाड कोणता हे सांगणारा कोड वाचणं तेव्हा डोळ्यांचं काम होतं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत डॅशबोर्डखालच्या दोन पिना तारेने जोडल्या, की दिवा एकदा लागे, मग थोडं थांबून दोनदा. म्हणजे कोड १२. मेकॅनिक अशी उघडझाप मोजत. मात्र प्रत्येक कंपनीचे कोड निराळे. १९९६पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना सोळा पिनांचं एकच सॉकेट आणि कोडची एकच पद्धत सक्तीची झाली. भारतात ही देखरेख बीएस-४ या प्रदूषण-निकषाच्या गाड्यांत एप्रिल २०१०पासून आली, तिचा दुसरा टप्पा २०१३मध्ये.

पी०३०१ हा कोड घ्या. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान कोड, तीन म्हणजे इग्निशन वा मिसफायर, ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे कोड सांगत नाही. ते मेकॅनिकनेच तपासायचं.

म्हणून कोड वाचून लगेच पार्ट बदलू नका. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायरमुळे कन्व्हर्टर जळण्याचा धोका असतो; गाडी दामटू नका. आणि दुरुस्तीशिवाय कोड पुसून घेऊ नका. दिवा विझेल, पण विषारी धूर तसाच आपल्या मुलाबाळांच्या छातीत जात राहील.