स्प्रॉकेटचे दाते बदलले की दुचाकीत नेमकं काय बदलतं?

गोव्याकडून चोर्ला घाट चढताना डबलसीट गाडी धापा टाकायला लागली, की गॅरेजवर एक सल्ला हमखास मिळतो : 'पुढचा एक दाता कमी करून टाका.' सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. चढ सोपा होतो, मात्र त्याची किंमत सपाट रस्त्यावर मोजावी लागते.

हिशेब असा

पुढचं लहान स्प्रॉकेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतं, मागचं मोठं चाकाला जोडलेलं. मागच्या दात्यांना पुढच्या दात्यांनी भागलं की प्रमाण मिळतं. समजा पुढे १४ आणि मागे ४२ दाते आहेत, तर प्रमाण ३. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट तीन वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. आता याच गाडीत फक्त पुढचं स्प्रॉकेट बदललं तर :

- पुढे १३ : प्रमाण ३.२३. चाकाला सुमारे ७.७ टक्के जास्त ओढ. इंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर ताशी ६० किमी वेग मिळत होता, तिथे आता साधारण ५६.
- पुढे १५ : प्रमाण २.८०. ओढ ६.७ टक्के कमी, पण तेवढ्याच फेऱ्यांवर वेग साधारण ६४.

इंजिनाची ताकद तिन्ही वेळा तीच राहते. या गाडीत पुढचा एक दाता म्हणजे मागचे साधारण तीन. थोडाच फरक हवा असेल तर मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात्यांनी बदलणं बरं.

फायदा कुणाला, तोटा कुणाला

घाटात, चिखलात किंवा ओझं घेऊन रोज जाणाऱ्याला पुढे कमी दाते सोयीचे. क्लच कमी घासावा लागतो, उतारावर इंजिन ब्रेकिंगही जास्त मिळतं. पण हायवेवर इंजिन जास्त फिरतं, आवाज आणि थरथर वाढते, मायलेज घटू शकतं. पुढे जास्त दाते असले तर सपाट रस्त्यावर गाडी निवांत पळते. मात्र चढावर पुन्हा पुन्हा गिअर उतरवावा लागतो, आणि मग वाचलेलं पेट्रोल तिथेच जातं.

बदलण्याआधी हे बघा

- नवं स्प्रॉकेट त्याच मापाच्या चेनचं हवं. दाते बदलले की चेनचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. कधी चेनची लांबीही बदलावी लागते.
- पुढचं स्प्रॉकेट फार लहान घेतलं तर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. फार मोठं घेतलं तर कव्हरला घासू शकतं.
- जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट बसवू नये; पूर्ण चेनसेट एकदम बदलावा.
- स्पीडोमीटर चाकावरून चालत असेल तर फरक पडत नाही. गिअरबॉक्सवरून चालत असेल तर आकडा चुकतो : पुढचे दाते कमी केल्यास प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दिसतो, किलोमीटरही जास्त पडतात.
- गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारावं.

शेवटची, पण खर्च वाचवणारी गोष्ट : आधी बिनतक्रार घाट चढणारी गाडी आता चढेना झाली असेल, तर दोष दात्यांचा नाही. क्लच प्लेट, एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि चिकटलेला ब्रेक आधी तपासावा. नाहीतर नवं स्प्रॉकेट बसवूनही मूळ बिघाड तसाच राहतो.