हाउराकीचा तामुरे : शिंपल्याच्या गळापासून मऊ आमिषापर्यंत

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर कोरोमंडल नावाचे द्वीपकल्प आहे. नाव आपल्या ओळखीचे वाटते, आणि ते तसे आहेही. १८२० मध्ये डोलकाठ्यांसाठी लाकूड न्यायला आलेल्या ‘कोरोमंडल’ या इंग्रजी जहाजावरून ते पडले आणि जहाजाचे नाव आपल्या पूर्व किनाऱ्यावरून ठेवलेले होते. या द्वीपकल्पाच्या समुद्राकडच्या बाजूला तैरुआ हे गाव आहे. १९६० च्या दशकात तिथल्या वाळूत उत्खनन करताना पुरातत्त्वज्ञांना एक लहानशी वस्तू मिळाली. मोत्याच्या शिंपल्यातून घासून काढलेली ती गळाची दांडी होती. तिला आकडा बांधून होडीमागून ओढली, की ती पाण्यात लहान माशासारखी लकाकते. विशेष असे, की काळ्या ओठांचा हा मोत्याचा शिंपला न्यूझीलंडच्या थंड पाण्यात होतच नाही. पॅसिफिक महासागराच्या उष्ण बेटांवरून, हजारो किलोमीटरचा प्रवास करून, कोणीतरी ही दांडी सोबत आणली होती. माओरींचे पूर्वज या भूमीवर येऊन वसले त्या पहिल्या पिढ्यांतली ही खूण मानली जाते.

माशाला खाद्य न दाखवता खाद्याचा भास दाखवायचा, ही युक्ती म्हणजे या बेटांवरच्या माणसांइतकीच जुनी. आज याच द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, हाउराकीच्या आखातात, शनिवार-रविवारी शेकडो लहान अॅल्युमिनियमच्या होड्या उतरतात आणि प्लॅस्टिकसारख्या मऊ, शेपूट हलवणाऱ्या खोट्या माशांनी ‘स्नॅपर’ पकडतात. या दोन आमिषांच्या मधल्या काळाची ही कथा आहे. ती हत्यारांच्या सुधारणेची कथा म्हणून सांगण्याची रीत आहे. पण कागदपत्रे आणि आकडे शेजारी ठेवून पाहिले तर तिच्यात सतत डोकावणारा प्रश्न वेगळाच दिसतो. मासा कोणाचा, आणि किती नेला हे मोजायचे कोणी?

नाव एक, कुळ दुसरे

माओरी भाषेत या माशाला ‘तामुरे’ म्हणतात. पाठ तांबूस-सोनेरी, अंगावर निळे ठिपके, जबडा शिंपले फोडण्याइतका दणकट. आपल्या कोकणातली तांबोशी ही खऱ्या स्नॅपर कुळातली. हाउराकीचा स्नॅपर मात्र त्या कुळातला नव्हे, तो ‘सी ब्रीम’ कुळातला. जपानी लोक सणासमारंभाला ज्या ‘ताई’ माशाचे ताट मांडतात, तो याचा अगदी जवळचा भाऊ. वसाहतवाल्यांनी दिलेले चुकीचे नाव टिकले. शास्त्रीय नावातला ‘ऑराटस’, म्हणजे सोनेरी, हा शब्द मात्र त्याला शोभतो.

तामुरे हळू वाढतो. तीस सेंटिमीटरचा व्हायला त्याला चार-पाच वर्षे सहज लागतात, आणि नशीब चांगले असेल तर तो साठ वर्षांपर्यंत जगतो. म्हणजे होडीत ओढलेला एखादा मोठा मासा हा तो ओढणाऱ्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. पुढचे सगळे वाद समजायला एवढी माहिती पुरेशी आहे.

रापण आणि राहुई

उत्तर न्यूझीलंडमधल्या जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यांत, शिंपल्यांच्या ढिगाऱ्यांत, तामुरेची हाडे सर्वांत जास्त मिळतात. पण हे मासे लकाकत्या आमिषाने धरलेले नव्हते. पाव्हा शिंपल्याचा निळा-हिरवा तुकडा बसवलेले माओरी गळ होडीमागून ओढले जात ते ‘कहावाई’ या पृष्ठभागाजवळ धावणाऱ्या माशासाठी. तामुरे तळाशी चरणारा. त्याच्यासाठी खऱ्या आमिषाचे लाकडी वा हाडाचे गोल गळ आणि जाळी.

जाळीही कसली! १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरून आलेला निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की इंग्रजांचे ओढजाळे पाहून माओरी हसले आणि त्यांनी आपले दाखवले. ते पाच वाव खोल होते. लांबी उलगडून पाहता आली नाही, पण गुंडाळीवरून चारशे-पाचशे वाव तरी असावी असा बँक्सचा अंदाज. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे, सहा फुटांचे माप. आपल्या दर्यावर्दींचेही तेच. म्हणजे पाऊण किलोमीटर लांबीची, अंबाडीसारख्या ‘हाराकेके’ वनस्पतीच्या पात्यांची रापण. ती ओढायला सगळी वस्ती लागे आणि मासा सगळ्या वस्तीत वाटला जाई. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर रापण पाहिलेल्या वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

बँक्सला माओरींचे गळ मात्र ओबडधोबड वाटले. टोक इतके आत वळलेले, की मासा लागणार कसा? आज जगभर लांबदोरीवर वापरला जाणारा ‘सर्कल हुक’ नेमका याच तत्त्वावर चालतो. मासा गळ घेऊन वळला की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. झटका द्यावा लागत नाही, आणि गळ पोटात जाण्याचे प्रमाण घटते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट डोळ्यांना दिसणारी नव्हती. समुद्रातल्या मासेमारीच्या जागांना नावे होती आणि त्या ठरावीक कुळांच्या होत्या. एखादी जागा थकली, किंवा तिथे कोणी बुडून मेले, तर तिथे ‘राहुई’ घालत. तेवढा काळ त्या पाण्यातून काही काढायचे नाही. आकडे नव्हते, पण हिशेब होता.

अठरा हजार टन

१८४० च्या वैतांगी तहात माओरींना त्यांच्या मत्स्यक्षेत्रांचा ताबा अबाधित राखण्याचे वचन दिले गेले. व्यवहारात समुद्र सर्वांचा, म्हणजे ज्याच्याकडे मोठे यंत्र त्याचा झाला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आखातात वाफेचे ट्रॉलर आले. १९२० च्या दशकात डॅनिश पद्धतीचे ओढजाळे आले. त्याच सुमारास हिरव्या ओठांच्या शिनाण्यांचे तळावरचे खाटे लोखंडी खरवडण्यांनी उपसले जाऊ लागले. शेकडो चौरस किलोमीटर पसरलेले हे खाटे १९६० च्या दशकाअखेर संपले. तामुरेची पिल्ले अशा खडबडीत तळाच्या आडोशाला वाढतात, म्हणजे शिनाण्यांबरोबर त्यांचा पाळणाही गेला.

१९७० च्या दशकात दोन बोटींनी मिळून एकच जाळे ओढण्याची पद्धत फोफावली आणि १९७८ मध्ये देशभरातील तामुरेची व्यावसायिक पकड सुमारे १८,००० टनांच्या शिखरावर पोहोचली. मग घसरण सुरू झाली. १९८६ मध्ये सरकारने कोटा पद्धत आणली. प्रत्येक क्षेत्रातून वर्षाला किती टन काढायचे ते ठरवायचे आणि त्याचे वाटे खरेदी-विक्री करता येतील असे हक्क म्हणून द्यायचे. इथेच तहाचा जुना कागद पुन्हा वर आला. जे पाणी मुळात आमचे, त्याचे हक्क सरकार दुसऱ्यांना कसे वाटते, असे माओरी जमातींनी न्यायालयात विचारले. वैतांगी न्यायाधिकरणाने १९८८ मध्ये मुरीव्हेनुआ अहवालात त्यांची बाजू उचलून धरली आणि १९९२ च्या तडजोडीच्या कायद्याने माओरींना कोट्यात वाटा मिळाला.

कोट्याच्या या हिशेबात एक माणूस जवळजवळ मोकळाच राहिला. रविवारी होडी काढणारा.

ओहायोतला गांडूळ

१९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, रबराच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अॅक्रन गावात, निक क्रीम नावाच्या यंत्रकारागिराने बायको कॉस्मा हिच्यासह घरच्या स्वयंपाकघरात मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ ओतला. साचा खऱ्या गांडुळावरून घेतलेला. १९५१ पासून तो टपालाने विकला जाऊ लागला. तो गोड्या पाण्यातल्या ‘बास’ माशासाठी होता. समुद्राशी, तामुरेशी त्याचा काही संबंध नव्हता.

हाउराकीतली रीत तेव्हा वेगळी होती. होडी नांगरायची, मागे माशांचा कीस सोडून वासाची वाट करायची, आणि पिलचर्डचा तुकडा हलक्या दोरीवर त्या वाटेने तरंगत सोडायचा. मासा होडीकडे येई. माणूस बसून राही. नव्या सहस्रकाच्या पहिल्या दशकात हे उलटले. त्याला तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पॉलिइथिलिनच्या विणलेल्या दोऱ्या आल्या. शिवणाच्या दोऱ्याइतक्या बारीक, पण न ताणणाऱ्या, त्यामुळे तीस मीटर खालचा स्पर्श बोटाला लागतो. मासे व तळ दाखवणारे प्रतिध्वनी यंत्र लहान होडीला परवडू लागले. आणि नुसत्या प्लॅस्टिकऐवजी पाण्यात वास सोडणारी, कुजणारी मऊ आमिषे बाजारात आली. बर्कली कंपनीचे ‘गल्प’ त्यांत सर्वांत गाजले.

पद्धत ऐकायला साधी आहे. शिशाच्या सात ते अठ्ठावीस ग्रॅमच्या डोक्याला गळ जोडलेला, त्यावर बोटाएवढा मऊ मासा ओवलेला. होडी नांगरायची नाही; पाण्यात कापडी शंकू सोडून तिचा वेग कमी करायचा आणि वाऱ्या-भरतीबरोबर वाहू द्यायची. होडी जिकडे चालली आहे तिकडे, पुढे, फेकायचे. आमिष तळाकडे तरंगत उतरू द्यायचे. याच उतरण्यात तामुरे झडप घालतो, कारण जखमी मासा असाच कोलमडत खाली जातो. उतरता उतरता दोरी मध्येच थांबली किंवा बाजूला सरकली, तर ताण द्यायचा. काही लागले नाही तर काठी हळू उचलायची, पुन्हा सोडायची.

कहावाईसाठी पृष्ठभागावर चालणारी भासाची युक्ती आता तळावर पोहोचली होती. हे हलके आणि नीटस काम आहे. आमिषासाठी दुसरा मासा मारावा लागत नाही. गळ बहुधा ओठातच लागतो, म्हणून लहान मासा जिवंत सोडता येतो. तुटून तळाशी राहणाऱ्या प्लॅस्टिकची तक्रार उरते, ती खरी आहे. तरी ट्रॉलरच्या जाळ्याशेजारी हे हत्यार निरुपद्रवीच दिसते.

आकाशातून मोजणी

निरुपद्रवी हत्यार फार हातांत गेले की काय होते, ते पुढच्या दशकाने दाखवले. आखाताच्या काठी ऑकलंड आहे, पंधरा लाखांहून मोठ्या वस्तीचे शहर. हौशी मासेमाराला परवाना लागत नाही, नोंदवही नाही. मग शास्त्रज्ञांनी विमानातून होड्या मोजल्या, धक्क्यावर परतणाऱ्यांची पकड तपासली आणि दोन्हींचा मेळ घातला. ईशान्य किनाऱ्याच्या क्षेत्रात व्यावसायिकांचा कोटा ४,५०० टन होता; हौशी आणि पारंपरिक मासेमारीसाठी मिळून २,६०० टन धरले होते. २०११-१२ चा अंदाज आला, हौशी पकड एकटीच सुमारे ३,७५० टन. वाढीला शहराची लोकसंख्या, होड्या, हवामान अशी अनेक कारणे होती. एकट्या मऊ आमिषावर दोष टाकणे अन्यायाचे होईल. पण वाहत्या होडीतून मासा शोधत फिरणारा माणूस नांगरून बसणाऱ्यापेक्षा अधिक पाणी चाळतो, हेही खरे.

२०१३ च्या पाहणीत या क्षेत्रातला साठा मासेमारीपूर्व पातळीच्या चतुर्थांशाहूनही कमी निघाला. सरकारपुढच्या प्रस्तावांत माणशी दिवसाला तीनच मासे, असाही एक होता. हजारो लोकांनी लेखी विरोध केला. कारखानदार बोटी टनांनी लहान मासे मारतात आणि कात्री आमच्या ताटाला, हा त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. व्यावसायिकांचे म्हणणे असे की आमचा प्रत्येक किलो तरी नोंदला जातो. शेवटी २०१४ पासून मर्यादा नवावरून सातवर आली, किमान लांबी २७ वरून ३० सेंटिमीटर झाली, आणि हौशींसाठीची तरतूद ३,०५० टन झाली. व्यावसायिक कोटा जागचा हलला नाही. म्हणजे माणशी मासे घटले आणि एकूण वाटा वाढला.

मासा राहू दिला तर काय होते, याचा पुरावा याच आखाताच्या तोंडाशी आहे. ली गावाजवळ १९७५ मध्ये देशातले पहिले सागरी राखीव क्षेत्र जाहीर झाले. तिथे मोठे तामुरे आणि शेवंड वाढले. त्यांनी ‘किना’ नावाचे काटेरी समुद्री प्राणी खाल्ले. किनांनी कुरतडून उजाड केलेल्या खडकांवर केल्पची रानेच्या राने परत आली. सीमेबाहेर खडक उजाडच राहिले. एक मासा काढला की फक्त एक मासा जात नाही, हे इथे डोळ्यांनी पाहता येते.

महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. बोटभर पापलेट बाजारात ओळीने मांडलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. हाउराकीतल्या बहुतेक होड्यांच्या काठावर तीस सेंटिमीटरची खूण असलेली पट्टी चिकटवलेली असते. मासा वर आला की आधी पट्टीवर, मग टोपलीत किंवा परत पाण्यात. धक्क्यावर तपासनीस असेलच असे नाही. एकोणतीस सेंटिमीटरचा मासा बहुतेक वेळा कोणी पाहत नसताना सोडावा लागतो. राहुई पाळायला लावणारी वस्ती आता किनाऱ्यावर उभी नसते. तिचे काम त्या पट्टीवर आणि होडीतल्या एका माणसावर येऊन पडले आहे.