एक रुपया, वेगळी पांढरी

नागपूरकर भोसल्यांची आर्थिक स्वायत्तता 1854मध्ये गेली, असे सर्रास लिहिले जाते. कागद मात्र वेगळा क्रम दाखवतात.

1826च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने फौजेच्या खर्चासाठी काही परगणे आपल्या ताब्यात राखले. 1829च्या करारनाम्याने ते तिसऱ्या रघुजी भोसल्यांना परत मिळाले. बदल्यात दरसाल 8 लाख रुपये देणे ठरले. राज्यात तेव्हा नागपुरी रुपया चालत होता. 1835च्या 17व्या कायद्याने 180 ग्रेनचा कंपनी रुपया आला, तोही कंपनीच्या मुलखापुरता. दोन्हींकडे व्यवहार असलेल्या सावकाराला बट्टा मोजावा लागे. म्हणजे चलन दरबारचे होते. पण पीक बुडो वा पिको, 8 लाख आधी बाजूला काढायचे. माझ्या मते स्वायत्तता गेली ती इथे, नाणे हातात असतानाच.

डिसेंबर 1853मध्ये रघुजी निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने 28 जानेवारी 1854च्या टिपणात राज्य खालसा करण्याची बाजू मांडली, त्यात वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचाही विचार होता. राज्य गेले आणि नागपुरी रुपयाची जागा कंपनीच्या रुपयाने घेतली.

आता नागपूरजवळच्या उमरेडच्या पेठेत उतरावे. रेशीमकाठी धोतरांसाठी नावाजलेले हे विणकर कोष्ट्यांचे गाव. भोसल्यांच्या अमलात शेतसारा काळीवर, म्हणजे शेतजमिनीवर, आणि वस्तीत राहून विणणाऱ्या, तेल गाळणाऱ्या, दुकान चालवणाऱ्यांवर ‘पांढरी’ नावाचा कर. राज्य बुडाले, नाणे बदलले, पण पांढरी टिकली. 1861मध्ये मध्य प्रांत झाला आणि 1867च्या 14व्या कायद्याने या मराठा कराला इंग्रजी कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी उमरेडला नगरपालिका झाली. कलकत्त्यातला आणि उमरेडमधला रुपया एकच; उमरेडच्या कोष्ट्यावरचा हा कर मात्र कलकत्त्यात नव्हता. कर ठरवण्यात त्या कोष्ट्याला कोणी विचारले नाही, हे विसरून या टिकण्याचे कौतुक करता येणार नाही.

युरोपने 1992च्या मास्ट्रिख्ट तहात हीच फोड जाणूनबुजून केली. चलन सामाईक, सरकारी तूट देशाच्या एकूण उत्पादनाच्या 3 टक्के आणि कर्ज 60 टक्क्यांच्या आत, करांचे दर ज्याच्या त्याच्या संसदेकडे. आयर्लंडने 2010मध्ये मदतकर्ज घेतानाही कंपन्यांवरचा 12.5 टक्के कर सोडला नाही. दरबाराला 1829मध्ये असा नकार देण्याची सोय नव्हती. कंपनीच्या रेसिडेंटचा सल्ला तहानेच बंधनकारक होता.

भारतात चलन आधी एक झाले, वस्तू व सेवा कर (जीएसटी) 1 जुलै 2017ला. जीएसटी परिषदेत केंद्राचे मत एक-तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश लागतात. केंद्राच्या संमतीशिवाय काही होत नाही, पण केंद्र एकटेही काही करू शकत नाही. 19 मे 2022ला सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असे म्हटले. व्यवसाय कर राज्याकडे राहिला, वर्षाला 2,500 रुपयांच्या मर्यादेत. उमरेड नगरपरिषदेकडे मालमत्ता कर राहिला.